अकरा रविवारांचा धूर

"गॅस आपला, बोल्ट आपला, घाम आपला, अन् धुराचा हिशेब मागतो हॅम्बुर्गवाला! का? त्याच्या अंगणात जातो का हा धूर? नशिराबादच्या पुढे तं जात नाही."

भट्टी सांभाळणारा दीपक हे कोकिळाच्या अगदी कानाशी पुटपुटला. त्याचाही इलाज नव्हता. भट्टीमागच्या त्या बोळात गॅसचं मीटर बसवलं तेव्हा ते वाचायला पुढे माणूस लागेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक जण मीटरशी वाकला की दुसऱ्याने पोट आत ओढून भिंतीला टेकायचं.

"मग नशिराबादवाल्यांनी काय घोडं मारलंय?" कोकिळा आकडे टिपता टिपता म्हणाली. "सरक. उजेड अडवलास. शेवटचा आठ आहे का तीन?"

"आठ."

कोकिळाने पदराच्या टोकाने काच पुसली, चष्मा कपाळावर चढवला, नाक मीटरला लागेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, "तीन."

तीनच होता. अठरा वर्षांत या मीटरचा एक आकडा तिने चुकीचा लिहिला नव्हता. धुळ्याजवळच्या फागण्याहून लग्न होऊन ती जळगावात आली आणि गिरधर नानांच्या बोल्टांच्या कारखान्यात लागली ती पॅकिंगला, खोक्यात बोल्ट मोजून भरायला. मोजण्यात तिची कधी चूक होत नाही हे नानांनी पाहिलं आणि तिला मोजायलाच बसवलं. कम्प्युटर ती भाच्याच्या फाटक्या पुस्तकातून शिकली. आता कारखान्यात काय आलं, काय गेलं, काय जळलं, सगळं तिच्या वहीत असतं. पहिल्या पानावर तिने लाल शाईत लिहून ठेवलं आहे : 'दिसेल तेच लिहिणे.' आणि या वहीत मागच्या वर्षी तिच्याच अक्षरात, अकरा वेळा, एक धादांत खोटं लिहिलेलं होतं.

पण ते पुढे. आधी धुराचं सांगायला हवं.

युरोपने आता असं ठरवलं आहे की बाहेरून येणारं लोखंड बनताना किती धूर निघाला ते सांगायचं, आणि त्या धुरावर तिकडच्या व्यापाऱ्याने कर भरायचा. धूर थोडा तर कर थोडा. ज्याला आपला धूर नीट मोजून, तपासून दाखवता येत नाही, त्याच्यासाठी तिकडे एक तयार आकडा ठेवलेला असतो. तो असा सणसणीत की परीक्षेला न बसलेल्या पोराला मास्तराने रागाने दिलेले मार्क वाटावेत. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने नानांना फार सभ्य पत्र लिहिलं होतं. मार्चअखेर तुमचा स्वतःचा, तपासलेला आकडा द्या, आणि तो अमक्याच्या आत असू द्या. नाहीतर आम्हाला खेदपूर्वक तुर्कस्तानातून बोल्ट घ्यावे लागतील. खेदपूर्वक हा शब्द पियुषने, म्हणजे नानांच्या मुलाने, दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. जणू तो नसता तर पत्र जास्त लागलं असतं.

कारखान्याचा निम्मा माल हॅम्बुर्गला जातो. तो खोक्यांत भरणाऱ्या बायका बावीस. हॅम्बुर्ग गेलं म्हणजे त्या बावीस जणी गेल्या. हे पत्रात नव्हतं, पण पॅकिंगच्या भागाबाईला पत्र न वाचता कळलं होतं. ती रोज डबा खाताना विचारायची, "ताई, आपला धूर पास व्हईन ना?"

धूर पास व्हावा म्हणून पियुषने प्रेमराजला आणलं. प्रेमराज मूळचा धुळ्याचा. आधी तो जीएसटीचे फॉर्म भरून द्यायचा, त्याआधी शेततळ्याचे, त्याच्याही आधी पॅनकार्डाचे. दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर करून तो कार्बन सल्लागार झाला आणि गाडीच्या मागच्या काचेवर त्याने एक हिरवं पान चिकटवलं. गाडी डिझेलची होती. त्याने कोकिळाला एकेचाळीस रकान्यांचा तक्ता दिला, "भरा ताई, सोपं आहे," असं म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

कोकिळाने भरला. सळईचा धूर सळईवाल्याने मोजून, शिक्का मारून पाठवलेला होता. त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. आपल्या हातातला धूर एवढाच, भट्ट्यांच्या गॅसचा. भट्ट्या दोन. पहिलीत बोल्ट लालबुंद होऊन तेलात पडतात आणि काचेसारखे कडक होतात. इतके कडक की आपटले तर तुटतील. मग ते दुसऱ्या भट्टीत जातात. तिची आच बेताची. लोखंडी जाळीचा एक रुंद पट्टा तिच्यातून संथ सरकत असतो. या तोंडाने बोल्ट आत जातो आणि त्या तोंडाने जरा समजूतदार होऊन बाहेर पडतो. कारखान्यात तिला सगळे 'मवाळ भट्टी' म्हणतात.

तक्ता भरून झाला तेव्हा आठ महिने एका ओळीत शहाण्यासारखे बसले होते. आणि जानेवारी, फेब्रुवारी, नोव्हेंबर, डिसेंबर या चार महिन्यांना मात्र पोट सुटलं होतं. बोल्ट तेवढेच, गॅस भलताच. त्या चौघांच्या पोटापायी सगळ्या वर्षाचा आकडा हॅम्बुर्गच्या रेघेच्या वर गेला. फार नाही, बोटभर.

"थंडी," प्रेमराज तक्ता न बघताच म्हणाला. "भट्टी तापायला जास्त गॅस लागतो. मी लिहितो ते बरोबर, शास्त्रीय भाषेत."

कोकिळाने तक्ता बंद केला. ते बोटभर कुठून आलं हे तिला ठाऊक होतं. दीपकला ठाऊक होतं, पियुषला ठाऊक होतं, आणि दोन पानं भरीत चापून ढेकर दिलेल्या प्रेमराजला तर नक्कीच ठाऊक होतं.

गिरधर नाना रावेरकडचे लेवा पाटील. माणूस मोठा, आवाज मोठा, पंगतीचा हात त्याहून मोठा. थंडी पडली की महिन्यातल्या दोन-तीन रविवारी कारखान्याच्या आवारात नानांची भरीत पार्टी असते. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, एकेक दोन ओंजळींत न मावणारं. पातीचा कांदा, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे. सगळं लाकडी बडगीत कुटून, वर कढी आणि गरम पुऱ्या. तीन-चारशे पानं उठतात. सोयरे येतात, बँकेचे साहेब येतात, निरनिराळ्या कचेऱ्यांतले लोक बायकामुलांसह येतात. आणि सगळे एकच बोलतात : नाना, काट्यांवरचं भरीत खावं तर तुमच्याकडे!

काट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याला जो धूर लागतो तो दुसऱ्या कशानेच लागत नाही, असं खानदेशात जन्मलेलं पोरही सांगेल. एका स्थानिक वर्तमानपत्राने नानांचा फोटो छापला होता. चिमटा हातात, डोळे धुराने बारीक, खाली मथळा : 'काट्यांवरच्या भरिताचा शेवटचा कारागीर.' ते कात्रण चौकटीत बसवून नानांनी ऑफिसात लावलं, आयएसओच्या सर्टिफिकेटाच्या शेजारी आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच.

आता खरं काय झालं होतं ते. सहा वर्षांपूर्वी पार्टीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला आणि काट्या भिजल्या. जाळ होईना, नुसता धूर. नानांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. चार क्विंटल वांगी पोत्यांत, पाहुणे वाटेवर. तेव्हा दीपक हळूच म्हणाला होता, "नाना, मवाळ भट्टी रिकामीच हाये."

नाना 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत. खोकत खोकत घरात गेले. तीन तासांत भट्टी तापली, जाळीच्या पट्ट्यावर वांगी ओळीने मांडली गेली आणि पंचवीस मिनिटांनी त्या तोंडाने बाहेर आली. काळी, मऊ, मान टाकलेली. एक कच्चं नाही, एक करपलेलं नाही. हॅम्बुर्गवाला बोल्टाला जी सफाई मागतो ती वांग्याला आली होती. त्या दिवशी पाहुणे म्हणाले, यंदा काट्या काही औरच होत्या नाना! नानांनी दीपककडे पाहिलं, दीपकने कोकिळाकडे, कोकिळाने कढीकडे.

पुढच्या वर्षी काट्या वाळल्या, पण मिळेनात. काट्या दाबून जळणाच्या विटा पाडणाऱ्या ब्रिकेटवाल्यांचे ट्रॅक्टर त्या शेतातूनच उचलून नेऊ लागले. कुठल्याशा मोठ्या कारखान्याच्या बॉयलरला त्या लागतात आणि त्या कारखान्याला त्याबद्दल हिरवं सर्टिफिकेट मिळतं. मग आवारात देखाव्यापुरता एक भारा पेटायचा. त्यावर वीस-पंचवीस वांगी, शेजारी पाटावर नाना, हातात चिमटा. फोटो निघायचे. बाकीची चार क्विंटल मागच्या शेडमधून, पट्ट्यावरून यायची. सहा हिवाळे हे चाललं, आणि सहा हिवाळ्यांत एकाही माणसाने ते तोंडाने उच्चारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. नानांना वाटे, चार माणसांपलीकडे कुणाला माहीत नाही. आणि बाकीच्यांना वाटे, आपल्याला माहीत आहे हे नानांना माहीत नाही.

कोकिळा एकदा बोलणार होती. तेव्हा नानांच्या बायकोने, मंदाबाईंनी, पुऱ्या लाटता लाटता तिचा हात धरला. "त्यायले काही बोलू नको माय. त्यायचा जीव त्या काट्यायमधी हाये. माह्या सासूच्या हातचं भरीत व्हतं ते. तिच्या मांडीशी बसून शिकले ते." मग कोकिळाही काही बोलली नाही. पण मीटर मीटर असतं. शनिवारी संध्याकाळचा आकडा आणि सोमवारी सकाळचा आकडा यांत फरक पडायचा, आणि तिने तो जसाच्या तसा लिहिला. पुढच्या 'कारण' या रकान्यात काय लिहू, असं तिने पियुषला विचारलं होतं.

"लिहा ना ताई, ट्रायल," पियुष म्हणाला होता. "ट्रायल कशाचीही असते."

तपासनीस आला तो मंगळवारी. नवल देवरे नाव, पुण्याच्या कंपनीचा, तिशीतला, पुस्तकी मराठी बोलणारा. खांद्याला बॅग, पायात स्वतःचे सेफ्टी बूट. हार घ्यायला त्याने नकार दिला तेव्हाच प्रेमराजचा चेहरा उतरला. त्याने गॅसची नळी कुठून येते ते पाहिलं, बोळात शिरून मीटर वाचलं आणि कोकिळाच्या वहीशी ताडून पाहिलं.

"हा शेवटचा तीन आहे की आठ?"

"तीन," कोकिळा आणि दीपक एकदम म्हणाले.

नवलने काच पुसून पाहिली. "तीनच," तो म्हणाला आणि वहीकडे जरा आदराने बघू लागला. पहिल्या पानावरची लाल ओळ त्याने वाचली. कोकिळाला त्या क्षणी वाटलं, पान फाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मवाळ भट्टीपाशी तो बराच वेळ रेंगाळला. सरकणाऱ्या पट्ट्याकडे बघताना त्याने अचानक वाकून जाळीच्या खाचेतून काहीतरी उपसलं. अंगठ्याएवढं, काळं, वाकडं, टोकाला मुकुटासारख्या पाच पाकळ्या.

"हे काय आहे?"

दीपकने छताकडे पाहिलं. कोकिळाने वहीकडे. पियुष पुढे झाला. "कार्बन डिपॉझिट आहे सर."

"असं?" नवल म्हणाला. त्याने तो देठ प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातला, वर तारीख लिहिली आणि खिशात टाकला.

दुपारी अर्थातच भरीत होतं. पाहुणा रविवारी येणार नव्हता म्हणून नानांनी रविवारच मंगळवारी आणला होता. सकाळी सहाला दीपकने वांग्यांचा एक घाणा काढलाही होता, बोल्टांच्या आधी. आवारात काट्यांचा भारा धुमसत होता आणि नाना पाटावर बसून तीन वांगी उलटीपालटी करत होते. त्यांना खोकला येत होता. ते खोकला दाबत होते.

"बसा साहेब, बसा! पुण्यात हे मिळत नाही. काट्यांवरचं हाये."

नवलने पहिला घास घेतला आणि त्याची पुस्तकी मराठी तिथल्या तिथे गळून पडली. "काय भारी शे!" तो म्हणाला. मग ओशाळून इकडेतिकडे बघितलं.

"कुठलं गाव तुमचं?" कोकिळाने वाढता वाढता विचारलं.

"कापडणं. धुळ्याजवळ."

"मी फागण्याची."

"मंग ताई, आपला एकच बांध शे," तो हसून म्हणाला आणि दुसऱ्यांदा भरीत घेतलं. "काट्यांचीच चव आहे ही. माझी आई अशीच भाजायची. गॅसवर ही चव येत नाही."

मंदाबाईंच्या हातातली पुरी ताटाऐवजी कढीत पडली. नाना खाली मान घालून वांगं उलटत राहिले. कोकिळाने पाहिलं, वर्तमानपत्रातल्या फोटोत तो चेहरा कसा ऐटदार दिसत होता. आणि आता, जवळून, धुराआड, तो फक्त थकलेला दिसत होता.

तीनला सगळे ऑफिसात बसले. नवलला खुर्ची मिळाली ती नेमकी कात्रणाच्या चौकटीखाली. त्याने वही उघडली.

"हे अकरा रविवार. उत्पादन शून्य, गॅस भरपूर. कारण : ट्रायल. कसली ट्रायल?"

"नवीन माल, सर," पियुष म्हणाला.

"कोणता? आकार किती?"

"आकार..." पियुषने नानांकडे पाहिलं. नानांनी चौकटीकडे. "आकार एकसारखा नव्हता सर. काही लांबट, काही गोल."

चहा घेऊन आलेल्या मंदाबाईंना ठसका लागला.

"बोल्ट गोल?"

"म्हणूनच ट्रायल यशस्वी झाली नाही."

"अकराही वेळा?"

प्रेमराजने घसा साफ केला. "सर, मूळ मुद्दा थंडीचा. हिवाळ्यात वातावरणाचं तापमान..."

"थंडी फक्त रविवारीच पडते का हो?"

"रविवारी बाकी मशीन बंद असतात, शेड गार पडतं," प्रेमराज म्हणाला. खरं तर उत्तर वाईट नव्हतं.

"पण मशीन बंद असताना भट्टी पेटवली कशाला?"

प्रेमराजने एकेचाळीस रकान्यांचा तक्ता उलटा धरून वाचायला घेतला.

नवलने पेन खाली ठेवलं. खिशातली पिशवी काढून टेबलावर ठेवली. देठ त्या पिशवीत ऐसपैस पहुडला होता. "हे बघा, मी तुमच्या विरुद्ध नाही. नियम सोपा आहे. जो गॅस मालासाठी वापरला नाही, तो मालाच्या डोक्यावर धरायचा नाही. वजा करायचा. हे अकरा रविवार वजा केले तर तुमचा आकडा हॅम्बुर्गच्या रेघेच्या खाली येतो, मी जेवायच्या आधीच गणित करून पाहिलं. फक्त तो गॅस कशासाठी जाळला हे कारखान्यातल्या कुणीतरी सांगायला हवं आणि खाली सही करायला हवी. युरोपला बाकी काही घेणंदेणं नाही. तुम्ही त्यात लग्नाचे लाडू वळले असतील तरी चालेल."

पॅकिंगमध्ये एक बोल्ट खोक्यात पडल्याचा आवाज ऑफिसात आला.

"बरं, समजा कुणी सांगितलं नाही तर?" पियुषने विचारलं.

"तर मला सही करता येणार नाही. मग तुम्हाला तो तयार आकडा लागेल."

पियुष आणि प्रेमराज 'एक मिनिट सर' म्हणत बाहेर गेले. दारापलीकडे बरीच कुजबुज झाली आणि प्रिंटर दोनदा अडकला. ते परत आले तेव्हा प्रेमराजच्या हातात एक कागद होता. त्याने तो कोकिळासमोर सरकवला आणि आपलं चांगलं पेनही दिलं, जे तो एरवी कुणाला हात लावू देत नसे.

कागदावर लिहिलं होतं की संबंधित कर्मचारी श्रीमती कोकिळा यांनी मागील वर्षी अकरा वेळा मीटर चुकीचं वाचलं. ती मानवी चूक असून प्रत्यक्षात त्या दिवशी गॅसचा वापर झालेला नाही.

"फक्त कागदावर ताई," पियुष खालच्या आवाजात म्हणाला. "नोकरीला काही धक्का नाही. तुम्ही तर घरच्याच."

घरच्या माणसाला एवढं तर करावंच लागतं. कोकिळाने कागद दोनदा वाचला. शिकलेले दोन पुरुष, एक सल्लागार आणि एक इंजिनीअर, वांगं हा शब्द तोंडातून काढण्यापेक्षा तिला आंधळी ठरवायला तयार झाले होते आणि त्यासाठी शास्त्रीय भाषाही वापरली होती. तिला हसूच आलं. मग हसू येईना.

नवलनेही कागद पाहिला. "ताईंनी यावर सही केली," तो सावकाश म्हणाला, "तर मला त्यांची सगळी वही बाद धरावी लागेल. जी बाई अकरा वेळा चुकते तिचे बाकीचे आकडे मी कसे मानू? सगळं वर्ष गेलं. मग पुन्हा तोच तयार आकडा." आणि तिच्याकडे झुकून, अगदी घरच्या बोलीत, "ताई, या वहीमा बठ्ठं, सगळं लिखेल शे. भट्टीमा काय टाकं, तेवढंच लिखेल नही."

दाराच्या फटीत भागाबाई उभी होती. रिकामी खोकी मागायला आल्याचं निमित्त तिच्या हातात होतं, पण डोळे कोकिळावर होते. रोज विचारायची ते आज तिच्या ओठांवरच राहिलं होतं.

कोकिळाने पेनाचं टोपण काढलं. समोर नाना बसले होते. याच माणसाने पॅकिंगच्या ढिगातून तिला उचलून टेबलाशी बसवलं होतं. पहिल्या दिवशी तिच्या हातात वही देताना म्हणाले होते, "मले हुशार मानूस नको, कोकिळा. मले दिसते तेच लिहनारा मानूस पाह्यजे." वहीतली ती लाल ओळ तिची नव्हतीच, त्यांची होती. आणि मंदाबाई चहाचा ट्रे घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी धरलेला तिचा हात अजूनही धरलेलाच आहे असं तिला वाटत होतं.

एक शब्द, दोन अक्षरं. ती म्हणू शकली असती. बावीस जणी वाचल्या असत्या. पण ते वाक्य तिचं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तसं झालं असतं.

तिने टोपण परत लावलं. पेन प्रेमराजपुढे ठेवलं. वही पहिल्या पानावर उघडून ती टेबलावरून सरकवत सरकवत नानांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"मीटर बरोबर होतं, नाना," ती म्हणाली. एवढंच.

नानांनी ती लाल ओळ पाहिली. मग पिशवीतला देठ पाहिला. पियुष काहीतरी बोलायला लागला, त्याला नानांनी हाताने गप्प केलं. त्यांना खोकला आला. या वेळी त्यांनी तो दाबला नाही, मनसोक्त खोकले. मग उठले, नवलच्या डोक्यावरून हात घालून भिंतीवरची चौकट काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. तिच्यामागे भिंतीवर एक चौकोन राहिला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"तो कागद फाड रे प्रेमराज," ते म्हणाले. "त्या बाईनं आजवर एक आकडा चुकवला नाही." मग नवलकडे वळले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण दारातल्या भागाबाईपर्यंत पोचेल इतका होता. "ल्या साहेब, लिहा. वांगे व्हते. बामनोदचे. अकराही रयवार. तुम्ही दुपारी खाल्ले तेबी. मी बसतो त्या काट्या निस्त्या दाखवायले. सहा वर्सं झाले, माह्यं भरीत गॅसवरचंच हाये."